सिगारेट सुटली, झोपही उडाली

धूम्रकेतू :
मंडळी, सिगारेट सोडून काही आठवडे झालेत. सोडताना जो तो सांगत होता, "बघ, आता कशी गाढ झोप लागते ते." प्रत्यक्षात अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. कशीबशी झोप लागलीच तर पहाटे जाग ठरलेली. आणि मधल्या वेळात स्वप्नं इतकी लख्ख, की उठल्यावर थकवा यावा. ओढत होतो तेव्हा पडल्या पडल्या झोप लागायची, निदान मला तरी तसं आठवतं. रात्रीची शेवटची सिगारेट हीच माझी झोपेची गोळी होती.

प्रश्न दोन. सिगारेटमुळे खरंच झोप बिघडते, की घाबरवायला सांगतात? आणि बिघडत असेल तर सोडल्यावर ती सुधारायच्या ऐवजी आणखी कशी बिघडली? "इच्छाशक्ती वाढवा" छापाचे सल्ले कृपया नकोत. ती आहे म्हणूनच इथवर आलोय.

रात्रपाळी :
सोडल्याबद्दल अभिनंदन. मी अजून ओढतो, तेव्हा माझं मत पक्षपाती समजून चाला. पण मला झोपायच्या आधी एक ओढल्याशिवाय चैन पडत नाही. अंग सैलावतं, डोकं शांत होतं. निकोटीन उत्तेजक असतं म्हणतात, ते माझ्या अनुभवात काही बसत नाही.

स्पष्टवक्ता :
सगळे मनाचे खेळ आहेत. दिवसभर अंगमेहनत करा, झोप झक मारत येते.

अबोली :
@स्पष्टवक्ता, धागाकर्त्याने वरच सांगितलंय की असले सल्ले नकोत. आणि मनाचे खेळ कसले? तंबाखू सोडल्यावर होणाऱ्या त्रासाची जी अधिकृत यादी मानसोपचारतज्ज्ञ वापरतात (डीएसएम-५), तिच्यात चिडचिड, अस्वस्थता, चित्त न लागणं, भूक वाढणं यांच्या जोडीला निद्रानाशही आहे.

जुनाजाणता :
@रात्रपाळी, तुमचा अनुभव खोटा नाही. मी पण वर्षानुवर्षं हेच म्हणायचो. पण निकोटीन उत्तेजकच आहे. धूर आत ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशी जागं ठेवणारी रसायनं सुटतात. मग शांत का वाटतं? कारण त्याआधीची सिगारेट विझवून बराच वेळ झालेला असतो आणि आतून तलफेची कासाविशी सुरू झालेली असते. नवी सिगारेट तेवढी कासाविशी मिटवते. ज्याने खिसा कापला त्यानेच घरी जायला भाड्याचे पैसे द्यावेत आणि आपण त्याचे आभार मानावेत, तसला हा प्रकार.

आता रात्रीचा हिशोब बघा. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्री अकराला शेवटची ओढली तर एकपर्यंत निम्मं, तीनपर्यंत पाव, पाचपर्यंत आठवा हिस्सा. म्हणजे झोप लागायच्या वेळी अंगात उत्तेजक, आणि पहाटे तेच अंग निकोटीन मागतंय. रात्रीचं पहिलं टोकही गेलं आणि शेवटचंही.

जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००८ साली 'चेस्ट' या नियतकालिकात एक अभ्यास छापला होता. ४० ओढणारे, ४० न ओढणारे, वय वगैरे एकमेकांशी जुळवून घेतलेले. झोपेत मेंदूच्या लहरी मोजल्या. ओढणाऱ्यांमध्ये गाढ झोपेच्या डेल्टा लहरी कमी आणि जागेपणाकडे झुकणाऱ्या अल्फा लहरी जास्त निघाल्या. फरक सगळ्यात ठळक होता तो रात्रीच्या सुरुवातीला. झोप होऊनही ताजंतवानं वाटत नाही असं सांगणारे न ओढणाऱ्यांत ५ टक्के होते, ओढणाऱ्यांत २२.५ टक्के.

तेव्हा @धूम्रकेतू, "पडल्या पडल्या झोप लागायची" हे मान्य. पण ती झोप कशी होती, हे झोपलेल्या माणसाला कुठे कळतं?

अबोली :
चाळीस आणि चाळीस म्हणजे मूठभर माणसं झाली की हो. साडेबावीस टक्के म्हणजे नऊ जण. शिवाय उलटंही असू शकेल. ज्यांना मुळातच झोप येत नाही तेच रात्री जागत जास्त ओढत असतील.

जुनाजाणता :
शंका रास्त आहे. मोठा अभ्यास हवा असेल तर २०१९ सालचा आहे, अमेरिकेतल्या 'जॅक्सन हार्ट स्टडी'तला. ७८५ माणसं, सगळी आफ्रिकन-अमेरिकन. मनगटावर यंत्र बांधून रोजची झोप नोंदवली आणि झोपण्याआधीच्या चार तासांत काय घेतलं याची डायरी ठेवायला लावली. त्या चार तासांत निकोटीन घेतलेल्या रात्री झोप जास्त तुटक झाली. ज्यांना आधीपासून निद्रानाश होता त्यांची झोप अशा रात्री सरासरी ४२ मिनिटांनी कमी भरली.

उलट बाजूचं म्हणाल, तर तेही खरंच आहे. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी तलफ वाढते, जास्त ओढली जाते, मग रात्र पुन्हा खराब. कुठून सुरू झालं हे शोधण्यात अर्थ नसतो. तोडायचं कुठून, ते बघायचं.

घोरासुर :
माझं नाव वाचून कळलंच असेल मी इथे का आलो ते. बायको दुसऱ्या खोलीत झोपते आणि मला वाटायचं वजनामुळे घोरतो. सिगारेटचा संबंध असतो का?

अबोली :
असतो. उत्तर युरोपातल्या देशांत पंधरा हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली होती, २००४ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून किमान तीन रात्री जोरात घोरणारे किती? ओढणाऱ्यांत २४ टक्के, सोडलेल्यांत २० टक्के, कधीच न ओढलेल्यांत सुमारे १४ टक्के. मला जास्त खटकलं ते पुढचं. स्वतः कधीही न ओढणारे पण घरात रोज दुसऱ्याचा धूर घेणारे, त्यांच्यातही घोरण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास होतं. धुराने नाक-घशाचं अस्तर सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते, असं त्याचं कारण दिलं जातं.

@घोरासुर, वजनाचाही वाटा असतोच. पण एक विचारते. घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग धाप लागल्यासारखा श्वास सुरू होतो का? बायकोला विचारा, तुम्हाला कळायचं नाही.

घोरासुर :
विचारलं. "कधीकधी मी श्वास मोजत बसते" असं उत्तर आलं. हे तिने आजवर सांगितलं नव्हतं.

अबोली :
मग झोपेची तपासणी करून घ्याच. स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा आजार) असेल तर नुसती सिगारेट सोडून भागणार नाही. तोवर झोपेची गोळी किंवा रात्रीची दारू स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात.

औषधवाली :
@धूम्रकेतू, उशिरा आले. सगळ्यांनी निकोटीनवर लिहिलंय, मला दुसरंच विचारायचं आहे. दिवसात चहा-कॉफी किती होते? शेवटचा कप किती वाजता? आणि निकोटीनचा पॅच वगैरे लावता का?

धूम्रकेतू :
कॉफी वाढलीय हे कबूल. हातात काहीतरी हवं असतं ना. पूर्वी ओढायला उठायचो, आता कॉफी घ्यायला उठतो. संध्याकाळी उशिरापर्यंत चालते. पण कॉफीने माझी झोप कधीच उडाली नव्हती हो, रात्री जेवणानंतर पिऊनही झोपायचो. पॅच लावतो, २४ तासांचा.

औषधवाली :
"कॉफीने कधीच झोप उडाली नव्हती" या वाक्यातच उत्तर आहे. उडाली नव्हती, कारण तुम्ही ओढत होता.

सिगारेटच्या धुरात पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायनं असतात. ती यकृतातल्या एका एन्झाइमचं काम वाढवतात. सीवायपी-१ए२ हे त्याचं नाव, आणि कॅफीन मोडून टाकायचं काम मुख्यतः तेच करतं. त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन भराभर निघून जातं. म्हणून तर बरेच ओढणारे एवढी कॉफी पचवतात. सिगारेट बंद केली की एन्झाइमचा वेग काही दिवसांतच खाली येतो, आठवडाभरात जवळपास न ओढणाऱ्याइतका. कप तेवढेच, पण रक्तातलं कॅफीन दुपटीच्या घरात जाऊ शकतं. तुमचे तर कपही वाढलेत.

आता कॅफीन जास्त झाल्याची लक्षणं बघा : झोप न येणं, हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड, बेचैनी. थरथर आणि धडधड सोडली तर सिगारेट सोडल्याच्या लक्षणांची यादी हीच. माणूस म्हणतो, "सोडल्यापासून माझं काही खरं नाही," आणि परत पेटवतो. पेटवल्यावर काही दिवसांत एन्झाइम पुन्हा जोर धरतं, कॉफी पुन्हा पचते, झोप जराशी सुधारते आणि त्याची खात्रीच पटते की सिगारेटशिवाय आपल्याला झोप नाही. दुकानात हे इतक्यांदा पाहिलंय! सिगारेट सोडायला आलेल्याला गम, पॅच, गोळ्या सगळं सांगितलं जातं, पण कॉफीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला याचा फार राग येतो.

तर सोडल्या दिवसापासूनच चहा-कॉफी निम्म्यावर आणायची. एकदम बंद मात्र नको, डोकं धरेल आणि त्याचंही खापर सिगारेटवर फुटेल. आणि शेवटचा कप दुपारी.

अबोली :
एक मिनिट. वर जुनाजाणता यांनी ज्या २०१९ च्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात झोपेआधीच्या चार तासांतल्या कॅफीनचा आणि झोपेचा संबंध दिसला नव्हता ना? मी वाचलंय ते.

औषधवाली :
बरोबर वाचलंय. पण तो अभ्यास नुकतीच सिगारेट सोडलेल्या माणसांचा नव्हता. ज्याला आपलं प्रमाण ठाऊक आहे तो त्या हिशोबाने पितो. इथे माणसाचं प्रमाण तेच राहतं आणि शरीराचा हिशोब त्याच्या नकळत बदलतो. शिवाय कॅफीन कुणाला किती बाधतं यात माणसागणिक खूप फरक असतो.

रात्रपाळी :
मग निकोटीन गम किंवा व्हेपवर (ई-सिगारेटवर) गेलं तर? निकोटीन चालूच राहील, म्हणजे कॉफीचा हा घोळ होणार नाही?

औषधवाली :
होणार. एन्झाइमला जोर चढतो तो धुरामुळे, निकोटीनमुळे नाही. पॅच, गम, व्हेप, कशावरही गेलात तरी धूर थांबला की कॅफीन साठायला लागतं. आणि व्हेपने झोपेचं काही भलं होत नाही, निकोटीन ते निकोटीनच. चघळायच्या तंबाखूलाही हेच लागू. गालात धरून झोपणारे लोक आहेत. त्यांच्या रक्तात तर ते रात्री बराच वेळ मुरत राहतं.

@धूम्रकेतू, पॅचचं राहिलं. २४ तासांचा पॅच रात्रभर निकोटीन देत राहतो, ती लख्ख स्वप्नं बरीचशी त्याचीच. झोपताना काढून ठेवून बघा, किंवा १६ तासांचा मिळतो तो घ्या. मात्र सकाळी डोळे उघडताच अनावर तलफ येत असेल तर रात्रभराचा पॅच कामाचा असतो. मग आधी कॉफी कमी करून बघा आणि पॅचला नंतर हात लावा. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

सिगारेट सोडायच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी : व्हॅरेनिक्लिननेही चित्रविचित्र स्वप्नं पडतात, संध्याकाळची गोळी थोडी लवकर घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. ब्युप्रोपिऑन झोप उडवतं, दुसरा डोस झोपेच्या तोंडावर नको. पण दोन डोसांत किमान आठ तासांचं अंतर लागतं, तेव्हा मनाने वेळा हलवू नका.

धूम्रकेतू :
हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. कॉफी आजपासून निम्मी. स्वप्नांवरून आठवलं, एक भलतंच स्वप्न वारंवार पडतं. कुठल्यातरी कार्यक्रमात मी सहज सिगारेट पेटवतो आणि अर्धी झाल्यावर लक्षात येतं की अरे, आपण तर सोडलीय! दचकून उठतो. इतकी शरम वाटते की खरंच ओढली की काय म्हणून बोटांचा वास घेऊन बघतो.

जुनाजाणता :
हाहा, बोटांचा वास! क्लबात स्वागत आहे. यावर चक्क संशोधन झालंय. १९९१ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ जणांना विचारलं, तर तिघांत एकाला ओढत असल्याचं स्वप्न पडलं होतं. बहुतेकांच्या स्वप्नात हेच, नकळत ओढताना आपणच आपल्याला पकडतो आणि घाबरतो. ओढत असताना हे स्वप्न जवळजवळ कुणालाच पडलं नव्हतं. मला अजूनही वर्षाकाठी एखाददा पडतं.

मी_आपली_वाचक :
एरवी नुसती वाचते, आज लिहायचं धाडस करते. बहिणीचं बाळ अंगावर पितं. ती गच्चीत जाऊन एखादी ओढते, बाळाजवळ कधीच नाही. पण बाळ झोपत नाही म्हणून घर हैराण आहे. काही संबंध असेल?

अबोली :
असू शकतो. निकोटीन दुधात उतरतं. १५ मातांवर झालेला एक छोटा अभ्यास आहे, २००७ चा. साडेतीन तासांच्या निरीक्षणात, आईने ओढली नव्हती त्या दिवशी बाळं सरासरी ८४ मिनिटं झोपली आणि ओढली त्या दिवशी ५३ मिनिटं. बाळं न झोपण्याची इतर शंभर कारणं असतात हे खरं. पण याचा अर्थ अंगावर पाजणं थांबवायचं असा तिने अजिबात काढू नये. सुटत नसेल तर निदान पाजून झाल्यावर ओढावी, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत जास्तीत जास्त वेळ जाईल. आणि तिला दोष देत बसू नका, आधीच जागरणाने ती अर्धी झाली असेल.

रात्रपाळी :
एक प्रामाणिक प्रश्न. मी रात्री मध्येच उठून एक ओढतो आणि परत झोपतो. हे फार वाईट आहे का? की सगळेच करतात?

जुनाजाणता :
सगळे नाही करत. निकोटीनचं व्यसन किती खोल आहे हे मोजायची फॅगरस्ट्रॉम यांची एक प्रश्नावली आहे, एकूण १० गुणांची. तिच्यात सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते याला मोठं वजन आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, तासानंतर असेल तर शून्य. कारण उघड आहे, रात्रभराचा उपास शरीराला किती जड जातो ते त्यातून कळतं. तुम्ही तर सकाळचीही वाट बघत नाही!

पूर्ण सोडायची तयारी नसेल तर निदान हे करून बघा. रात्री जाग आली तर पाणी प्या, फेऱ्या मारा, काहीही करा, पण ओढू नका. रोज त्या वेळी मिळतं म्हटल्यावर शरीर त्या वेळी उठवणारच. आणि झोपायच्या आधीची हळूहळू मागे सरकवत न्या. आणखी एक, अंथरुणात पडून कधीही ओढू नका. डुलकी लागते, सिगारेट हातातून पडते आणि गादी आतल्या आत धुमसत राहते. घरं जळण्याचं हे जुनं कारण आहे.

@धूम्रकेतू, तुमच्यासाठी. सोडल्यानंतरचा निद्रानाश पहिल्या आठवड्यात जास्त असतो, बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तोवर झोप येत नसेल तर तळमळत पडू नका. वीसेक मिनिटं गेलीशी वाटली की उठा, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत जा. घड्याळ मात्र बघायचं नाही. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. आणि दुपारी भरपाई करायची नाही. महिना उलटला, कॉफीही आवरली, तरी झोप नाहीच, तर मग डॉक्टर.

स्पष्टवक्ता :
मी पण हेच सांगत होतो, फक्त थोडक्यात.

अबोली :
:))

काठावरचा :
धागा वाचून एक चिंता लागली. धाकटा भाऊ बरीच वर्षं ओलान्झापिन या मानसिक आजारावरच्या औषधावर आहे. दिवसाला पाकीट संपवतो. आता स्वतःहून सोडायची म्हणतोय, आम्ही सगळे खूश होतो. ते यकृतातल्या एन्झाइमचं वाचलं आणि वाटलं, औषधांचंही असं काही होतं का?

औषधवाली :
होतं. फार चांगलं केलंत विचारलंत ते. ओलान्झापिन त्याच एन्झाइमने मोडतं, मानसिक आजारावरचंच क्लोझापिनही, आणि दम्याच्या काही रुग्णांना दिलं जाणारं थिओफिलिनही. ओढणाऱ्याचा डोस बहुधा ओढतानाच ठरलेला असतो. धूर थांबला की तेवढ्याच गोळीने रक्तातलं औषध वाढतं. ओलान्झापिनमध्ये गुंगी, दिवसभर पेंग, तोल जाणं असं दिसू शकतं. क्लोझापिनमध्ये तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा वेळी घरचे म्हणतात, "सिगारेट सुटली आणि काय छान झोपतोय!" आणि ती झोप औषध चढल्याची असते.

भावाने सोडावीच. फक्त तारीख ठरवण्याआधी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवा, ते डोस बदलतील किंवा रक्त तपासतील. घरच्या घरी गोळी अर्धी करू नका. आणि मध्येच त्याने पुन्हा सुरू केली तर तेही कळवा, कारण मग औषध कमी पडायला लागतं.

काठावरचा :
पुढच्या महिन्यात भेट आहे, तेव्हा सांगतो.

औषधवाली :
भेटीपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करा. त्याने आजपासून कमी करायला सुरुवात केली असेल तर तेही सांगा, आणि कॉफी पितो का तेही.